ब्लड कॅन्सरला ना माहेर, ना सासर

विदर्भातल्या गावांत रक्ताचा आजार म्हटला की लोकांना आधी सिकल, म्हणजे सिकलसेल, आठवतो. गडचिरोली-चंद्रपूरकडे तपासणीची शिबिरं झाली, शाळेत पोरांची बोटं टोचली गेली, आणि सोयरीक जुळवताना एएस (फक्त वाहक) की एसएस (आजार असलेला) हे विचारण्याइतकी समज आली. ही मोठी कमाई आहे. पण गावातल्या चार वर्षांच्या पोराला ब्लड कॅन्सर निघाला की हाच हिशोब तिथंही लावला जातो, हे मला फार सलतं. "माहेराकडून आलं असन," असं कुणीतरी बोलतं आणि आधीच खचलेली आई गुन्हेगार ठरते. धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न अडतं. डॉक्टरांनी उच्चारलेला 'जनुकीय' हा शब्द याला पुरावा म्हणून पुढं केला जातो.

सिकलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. हा बदल आईकडून आणि वडिलांकडून येतो, म्हणून तो मुलाच्या प्रत्येक पेशीत सापडतो. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचं, म्हणजे लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचं, तसं नाही. तिथं गुणसूत्रातला बिघाड बहुतेक वेळा एकाच पेशीत घडतो, आणि तिच्याच पिलावळीत राहतो. आईबापांची जनुकं बहुधा ठणठणीत असतात.

हे कळलं कसं, ती गोष्ट मला अतिशय आवडते. अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब जाड कागदावर घेऊन ठेवतात. रॉबर्ट गथ्री यांनी दुसऱ्याच आजाराच्या तपासणीसाठी ही पद्धत सुरू केली. लंडनचे संशोधक मेल ग्रीव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या मुलांचे असे जुने कागद मिळवले. काही मुलांच्या कॅन्सर पेशींत 12 व्या आणि 21 व्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले गेले होते. हा तुटण्याचा बिंदू हजारो अक्षरांच्या पट्ट्यात कुठंही पडू शकतो, त्यामुळे प्रत्येक मुलाचा सांधा वेगळा असतो. नेमका तोच सांधा जन्मावेळच्या वाळलेल्या थेंबात सापडला! बिघाड पोटात असतानाच झाला होता, आजार काही वर्षांनंतर आला.

जुळ्यांनी पुढचं कोडं सोडवलं. एकाच बीजापासून झालेल्या एका जोडीत एकाला 5 व्या वर्षी ल्युकेमिया झाला, दुसऱ्याला 14 व्या वर्षी. दोघांचा सांधा अक्षर न अक्षर सारखा. मग वारसाच म्हणायचा का? नाही, कारण त्यांच्या इतर पेशींत तो नव्हता. बिघडलेली पेशी एका बाळात तयार झाली आणि सामाईक वारेतून दुसऱ्याच्या रक्तात गेली.

आणि तरीही हा सांधा म्हणजे कॅन्सर नव्हे. वेगवेगळ्या पाहण्यांनुसार शंभर नवजात बाळांपैकी 1 ते 5 बाळांत तो असतो. त्यांतल्या अगदी मोजक्यांनाच आजार होतो. दुसरा घाव बसावा लागतो.

इथं माझ्या आवडीच्या भागात थोडं खोल जातो. आपल्या शरीराला कोट्यवधी प्रकारची प्रतिपिंडं (जंतूंना ओळखून पकडणारी प्रथिनं) लागतात, पण तेवढी जनुकं डीएनएत मावणार नाहीत. म्हणून अस्थिमज्जेतली प्रत्येक बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी, आपली गोधडी स्वतः शिवते. प्रतिपिंडाच्या जनुकाचे व्ही, डी आणि जे नावाच्या गटांत अनेक तुकडे असतात. पेशी प्रत्येक गटातला एकेक तुकडा घेते, मधला डीएनए कापून टाकते आणि टोकं जोडते. रॅग-1 आणि रॅग-2 ही प्रथिनं मिळून कापायचं काम करतात. ती वाटेल तिथं कापत नाहीत. सात अक्षरांची खूण, मग 12 किंवा 23 अक्षरांची मोकळी जागा, मग नऊ अक्षरांची खूण. एका टोकाला 12 वाली आणि दुसऱ्या टोकाला 23 वाली खूण असली तरच कात्री चालते. जोडताना टीडीटी नावाचं प्रथिन सांध्यात मनाला येतील ती अक्षरं भरतं, म्हणून दोन पेशींची शिवण सहसा जुळत नाही. आता अशी खूण डीएनएत भलत्या ठिकाणीही योगायोगानं असू शकते. 12-21 सांधा असलेल्या ल्युकेमियाच्या पेशींचा संपूर्ण डीएनए वाचला, तेव्हा गळून गेलेल्या जनुकांच्या काठांवर या सात अक्षरांच्या खुणा वारंवार दिसल्या. म्हणजे दुसरा घाव बहुधा पेशीच्याच कात्रीचा, प्रतिकारशक्ती घडवणाऱ्या कात्रीचा.

ही कात्री भलतीकडे का चालावी? ग्रीव्हज यांचं मत असं की पहिल्या वर्षात मुलाचा साध्या जंतूंशी पुरेसा संबंध आला नाही, तर पुढं एखादा साधा संसर्गही प्रतिकारयंत्रणेला भडकवतो. लवकर पाळणाघरात गेलेल्या मुलांत हा आजार कमी दिसतो, याचा त्याला आधार मिळतो. मात्र यावरून 'आमची मातीत खेळणारी पोरं सुरक्षित' असं कुणी म्हणू नये. खेड्यातली कितीतरी मुलं निदानाआधीच जातात आणि ती कोणत्याच नोंदीत येत नाहीत.

फवारणीचं काय, हा पऱ्हाटीच्या पट्ट्यातला रास्त प्रश्न आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले, ते तीव्र विषबाधेचे बळी होते. बालकॅन्सर ही वेगळी गोष्ट. गरोदरपणी घरात कीटकनाशकांशी संपर्क आणि मुलांचा ल्युकेमिया यांत माफक संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. तेच कारण आहे हे सिद्ध झालेलं नाही. तरी पंप आणि डबे झोपायच्या खोलीतून बाहेर काढायला, रिकाम्या डब्यात पाणी न भरायला तेवढा संशय मला पुरेसा वाटतो.

मुलांच्या मेंदूतल्या गाठींबद्दलही लोक असंच कारण विचारतात. तिथं ठामपणे सांगता येईल असं पर्यावरणातलं कारण एकच, आयनीकारक किरण. इस्रायलमध्ये 1950 च्या आसपास डोक्यावरच्या नायट्यासाठी हजारो मुलांना क्ष-किरण दिले गेले. पुढं त्यांच्यात मेंदूच्या गाठी वाढल्या. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, गरोदर बाईनं ती बिनधास्त करावी. मोबाइल टॉवरच्या लहरींत डीएनए तोडण्याइतकी ऊर्जाच नसते. भारतासह 14 देशांत झालेल्या मोबी-किड्स अभ्यासातही मोबाइलच्या वापरामुळं तरुणांत मेंदूच्या गाठी होतात असं दिसलं नाही.

वारशाचा वाटा मात्र शून्य नाही. 2015 च्या एका अमेरिकी अभ्यासात कॅन्सर झालेल्या 1,120 मुलांपैकी 8.5 टक्के मुलांत जन्मजात धोकादायक बदल सापडला. ल्युकेमियात हा आकडा 4.4 टक्के होता. घरात लहान वयात अनेकांना कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना ते जरूर सांगा. एरवी आईनं ग्रहणात भाजी चिरली, कुणाची नजर लागली, करणी केली, या गोष्टी त्या बाईवर क्रूर अन्याय करतात. सदाफुलीच्या पानांचा काढा विकणारेही तसेच. व्हिन्क्रिस्टीन हे ल्युकेमियाचं औषध याच झाडातून मिळालं हे खरं, पण पानांत ते अत्यल्प असतं आणि मोजून, फक्त शिरेतूनच द्यावं लागतं. काढा पाजण्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

पोरगं पांढरं पडलं, ताप हटत नाही, हाडं दुखतात, अंगावर काळेनिळे डाग उठतात, तर सिकल निगेटिव्ह आला म्हणून थांबू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा आणि काचपट्टीवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. पुढचे उपचार नागपूरला मिळतात. ते दोन-अडीच वर्षं चालतात आणि नीट पूर्ण झाले तर बहुतेक मुलं बरी होतात. पहिल्या महिन्यातच पोरगं अंगणात खेळू लागतं आणि घरचे औषधं सोडतात, तिथं घात होतो. कारण त्या वेळी सूक्ष्मदर्शकात काही दिसत नसलं, तरी त्या पेशींची खास शिवण शोधणारी तपासणी दहा हजारांत लपलेली एक पेशीसुद्धा पकडते.