जर्मनीत स्पोर्ट्स कारला व्हील स्पेसर: आधी कागद जुळवा, मग बोल्ट

चाकं फेंडरच्या आत दडून बसल्यासारखी दिसतात म्हणून स्पेसर (चाक आणि ते ज्यावर बसतं त्या हबच्या मध्ये घालून चाक बाहेर सरकवणारी चकती) मागवायचे, शनिवारी दुपारी जॅक लावून बसवायचे आणि रविवारी फिरायला निघायचं, असा बेत जर्मनीत करू नका. तिथल्या वाहन-मान्यता नियमावलीच्या (StVZO) कलम १९ नुसार, ज्या बदलामुळे इतरांना धोका संभवतो त्याने गाडीचा वापरपरवाना, म्हणजे बेट्रीब्स-एरलाउबनिस, आपोआप संपतो. त्यासाठी कोणी नोटीस पाठवत नाही. सुरक्षेला बाधा येते असं ठरलं तर चालकाला ९० युरो दंड आणि वाहनचालकांच्या नोंदवहीत १ दंड-पॉइंट. अपघात झाला तर विमा कंपनीचे प्रश्न वेगळेच.

मान्यता सुट्या स्पेसरला मिळते असं बरेच जण समजतात. ती मिळते गाडी, रिम, टायर आणि सस्पेन्शन यांच्या ठरावीक जोडीला. त्यामुळे पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून कागद मागवून वाचा.

कागद मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला आ-बे-ए (ABE), म्हणजे त्या भागाची सर्वसाधारण मान्यता. तुमची जोडी त्यात तंतोतंत बसत असेल आणि अटींमध्ये तपासणी सांगितलेली नसेल, तर तो गाडीत ठेवला की काम झालं. दुसरा टाइलेगुटआख्टन, म्हणजे त्या भागाचा तज्ज्ञ-अहवाल, आणि स्पेसरच्या बाबतीत बहुतेकदा गाठ याच्याशीच पडते. याच्यासोबत बसवल्या बसवल्या बदलाची तपासणी, म्हणजे एंडरुंग्स-आब्नामे, करून घ्यावीच लागते. ती ट्युफ, डेक्रा, गे-टे-यू किंवा क्युस या वाहन तपासणी संस्थांच्या केंद्रात होते. यातला एकही कागद नसेल किंवा तुमची जोडी त्यांच्या बाहेरची असेल, तर कलम २१ ची स्वतंत्र तपासणी उरते. तिथे सगळं तज्ज्ञाच्या निर्णयावर अवलंबून असतं, खर्चही जास्त. स्पेसर घेण्याआधी त्याच तज्ज्ञाला भेटून घेतलेलं बरं.

आता पात्रता. गाडीचं नोंदणीपत्र समोर ठेवा. डी.२ रकान्यात गाडीचा टाइप आणि के रकान्यात मान्यता क्रमांक असतो. हे दोन्ही टाइलेगुटआख्टनच्या तक्त्यात सापडले पाहिजेत. मॉडेलचं नाव जुळलं म्हणून खूश होऊ नका, एकाच नावाखाली दोन-तीन टाइप असतात. मग टायरचा आकार आणि अ‍ॅक्सलवरचा कमाल भार जुळवा. तक्त्यात टायरच्या आकारापुढे अटींचे संकेतांक छापलेले असतात आणि त्यांचे अर्थ शेवटच्या पानांवर. फेंडरची आतली कड दुमडायला लागेल, ही अट हमखास तिथेच लपलेली असते.

जाडीच्या आकड्यातही गफलत होते. काही उत्पादक ३० मिमी म्हणतात तेव्हा ते दोन्ही चाकं मिळून असतं, म्हणजे प्रत्येक बाजूला १५. ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं मिमीमधलं अंतर. ईटी ५२ च्या रिमला १५ चा स्पेसर लावला की ती ईटी ३७ सारखी वागते.

गाडी आधीच लोअरिंग स्प्रिंगने खाली बसवली असेल किंवा रिम मूळच्या नसतील, तर नुसत्या स्पेसरच्या कागदावर भागत नाही. प्रत्येक भागाचा कागद लागतो आणि तपासणी सगळ्यांची एकत्र होते. सर्वाधिक लोक इथेच अडकतात.

बोल्टवर जरा थांबू. पोर्शे ९११ चं उदाहरण घ्या: ५ बाय १३० चा पॅटर्न (१३० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट), ७१.६ मिमीचं मधलं भोक, एम१४ बाय १.५ चे बोल्ट (१४ मिमी व्यास, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी), बसणारा भाग गोलसर. बाहेरच्या बऱ्याच रिमना तो शंकूच्या आकाराचा लागतो. चुकीचा वापरला तर बोल्ट अख्ख्या बैठकीऐवजी एका बारीक कडेवर टेकतो आणि पुढे सैल होतो. लांबीचा हिशेब सोपा: १५ चा स्पेसर, १५ मिमी जास्त लांब बोल्ट. बोल्ट हातानेच फिरवायला घ्या आणि फेरे मोजा. एम१४ बाय १.५ ला घट्ट होईपर्यंत किमान साडेसात फेरे पडले पाहिजेत, एम१२ बाय १.५ ला साडेसहा. पाचव्या फेऱ्यालाच बोल्ट टेकला तर तिथेच थांबा, पान्याने जोर लावून काही साधणार नाही. उलट, फार लांब बोल्ट हबच्या मागे निघून हँडब्रेकच्या भागांना घासतो. म्हणून गाडी जॅकवर असतानाच चाक हाताने पूर्ण फिरवून कान द्या. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय स्पेसर सपाट बसत नाही, आणि मग स्टीअरिंग थरथरलं की लोक बॅलन्सिंगला दोष देतात.

तपासणीला नेताना नोंदणीपत्र, टाइलेगुटआख्टनची सगळी पानं आणि आधी केलेल्या बदलांचे दाखले सोबत असू द्या. पहिलं पान तेवढं छापून नेणाऱ्याला परत पाठवतात. स्पेसरवर कोरलेला क्रमांक वाचता येईल इतका स्वच्छ असावा. मान्यता मिळवण्यासाठी थेट केंद्रापर्यंत गाडी नेता येते, वाटेत कामं उरकायला मुभा नाही.

तज्ज्ञ गाडी तिरकी चढवून एक चाक पूर्ण दाबतो, स्टीअरिंग टोकापर्यंत वळवतो आणि टायर कुठे घासतो ते पाहतो. त्यानंतर झाकण. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांच्या पट्ट्यात टायरचा रस्त्याला टेकणारा भाग वरून झाकलेला हवा. मागची बाजू बहुधा नापास होते, कारण तिथे फेंडर लवकर आत वळतो.

पास झालात की दाखला मिळतो. नोंदणीपत्रात दुरुस्ती लगेच करायची की पुढच्या कुठल्याही कामाच्या वेळी, हे त्यातच लिहिलेलं असतं. लगेच असेल तर नोंदणी कार्यालयात जा, बदल रकाना २२ मध्ये नोंदवतात. नाहीतर दाखला गाडीतच ठेवा. विमा कंपनीला मात्र दोन्ही वेळा कळवा.

घरी परतल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की टॉर्क रेंच काढा आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, चाक थंड असताना.