नायट्रोजनयुक्त कार्बन: श्रेय धातूचे की कोळशाचे?

इंधन घटात, म्हणजे हायड्रोजनसारखे इंधन आणि ऑक्सिजन यांच्यापासून वीज बनवणाऱ्या साधनात, क्रियेला वेग देणारे (उत्प्रेरक) प्लॅटिनम महाग, म्हणून त्याच्या जागी नायट्रोजन मिसळलेला कार्बन वापरायचा, अशी या विषयाची ओळख बहुतेक वेळा करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण गोष्ट मध्यातून सुरू करते. नायट्रोजनयुक्त कोळसा रासायनिक क्रिया घडवतो हे जेव्हा दिसले, तेव्हा प्रश्न इंधन घटाचा नव्हताच. सजीव पेशी ऑक्सिजन वापरते कशी, हे शोधले जात होते.

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग यांनी रक्तापासून केलेला कोळसा पाण्यात मिसळला आणि त्यात अमिनो आम्ले घातली. शरीराच्या साध्या तापमानाला त्यांचे ऑक्सिडीकरण होऊ लागले. सायनाइडचा अंश पडला की क्रिया मंदावे, जिवंत पेशीतही नेमके हेच घडते. शुद्ध साखरेचा कोळसा मात्र ढिम्म. रक्ताच्या कोळशात लोह होते, आणि नायट्रोजनही. मग नायट्रोजन असलेल्या कोळशाला लोहाची जोड दिली की तो कार्यक्षम होतो, हे वॉरबर्ग यांच्या प्रयोगशाळेने १९२४ मध्ये दाखवले. पाठोपाठ केंब्रिजमध्ये रिडील आणि राइट यांनी ऑक्सॅलिक आम्लावर प्रयोग केले. कोळशाचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा नसतो, आणि लोह व नायट्रोजन एकत्र असलेल्या जागा सर्वांत तेज असतात, असे त्यांना आढळले. वॉरबर्ग यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते श्वसनाच्या विकरासाठी. कोळसा हे त्यांच्या दृष्टीने फक्त प्रतिरूप होते. पण या क्षेत्रात पुढे शंभर वर्षे चाललेला वाद त्या कोळशातच दडलेला होता: काम करतो कोण, लोह की नायट्रोजन?

पुढचे वळण १९६४ चे. रेमंड जॅसिन्स्की यांनी कोबाल्ट थॅलोसायनिन हे रंगद्रव्य इंधन घटाच्या ऋणाग्रावर लावले आणि अल्कधर्मी द्रावणात ऑक्सिजनचे क्षपण होते, म्हणजे तो इलेक्ट्रॉन घेतो, हे दाखवले. या रेणूच्या मधोमध धातूचा अणू आणि भोवती चार नायट्रोजन अशी रचना असते, रक्तातल्या हीम या लोहयुक्त रेणूसारखीच. आम्लात हे रेणू टिकत नसत. १९७० च्या दशकात ते कार्बनवर ठेवून शेकडो अंश सेल्सिअसला तापवून पाहिले गेले, तर ते अधिक टिकाऊ झाले आणि कार्यक्षमताही वाढली. इतक्या उष्णतेत मूळ रेणू शाबूत राहणे अवघड. मग काम करणारे नेमके काय उरले? १९८९ मध्ये अर्नेस्ट यीगर यांच्या गटाने महागडा रेणूच वगळला. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल हे नायट्रोजन असलेले साधे बहुवारिक (पॉलिमर), कोबाल्ट किंवा लोहाचा क्षार आणि कार्बन, एवढे एकत्र तापवूनही उत्प्रेरक मिळाला. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. नायट्रोजन आणि धातू कोठूनही आणा, भट्टी बाकीचे जुळवून देते, हे इथे कळले.

विषयाला प्रसिद्धी मिळाली ती २००९ मध्ये. लिमिंग दाई यांच्या गटाने नायट्रोजनयुक्त कार्बन नॅनोनलिकांची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, उभी रांग वाढवली आणि अल्कधर्मी द्रावणात ती प्लॅटिनमपेक्षा सरस ठरल्याचे जाहीर केले, तेही धातूविना. स्पष्टीकरण सुटसुटीत होते. नायट्रोजनची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन ओढण्याची क्षमता) ३.०४, कार्बनची २.५५. नायट्रोजन शेजारच्या कार्बनकडून इलेक्ट्रॉन ओढतो, तो कार्बन किंचित धनभारित होतो आणि ऑक्सिजनचा रेणू त्यावर सहज चिकटतो. गंमत अशी, की या नलिका वाढवल्या होत्या लोह थॅलोसायनिनपासून! उरलेले लोह नंतर काढून टाकले होते, पण संशय काही निघेना. लोहाचा लवलेशही बराच परिणाम करू शकतो, त्यामुळे ‘धातुमुक्त’ हा शब्द वाचला की आधी धातूच्या विश्लेषणाचे आकडे पाहावेत, हे बरे.

संशयाला उत्तर देणारे प्रयोगही झाले. २०१६ मध्ये जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाच्या गटाने स्वच्छ ग्रॅफाइटवर नायट्रोजन ठरावीक स्वरूपात बसवून तुलना केली. पिरिडीन या वलयाकार संयुगात असतो तसा, दोनच कार्बनना जोडलेला नायट्रोजन जिथे असतो, तिथे त्याच्या शेजारचा कार्बन क्रियाशील ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. उलट बाजूने मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा ग्रॅफीनमध्ये (कार्बनच्या एक अणू जाडीच्या पापुद्र्यात) मिसळली, आणि उत्प्रेरकता वाढली. रोज नवे मूलद्रव्य मिसळून निबंध छापणाऱ्यांना असा चिमटा हवाच होता.

कार्बन नायट्राइडची, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनच्या संयुगांची, शाखा याहून जुनी आहे. लीबिग यांनी १८३४ मध्येच मेलॉन नावाच्या पिवळ्या पदार्थाचे वर्णन केले होते, पण त्याचा उपयोग कुणाला सुचला नाही. २००६ मध्ये पोट्सडॅममधील मार्कुस अँटोनिएटी यांच्या संस्थेत त्याच्या सच्छिद्र भाईबंदाने बेंझीनवरच्या क्रिया घडवल्या, आणि २००९ मध्ये त्यावर दृश्य प्रकाश टाकून पाण्यातून हायड्रोजन मिळाला. मात्र चांगले उत्पादन हवे तर प्लॅटिनमची थोडी जोड द्यावी लागे.

कार्बनी रसायनशास्त्रात धातू लपवण्याचा खटाटोप फारसा झाला नाही. रोस्टॉकमधील माथियास बेलर यांच्या गटाने २०१३ मध्ये लोह आणि कोबाल्टचे नायट्रोजनयुक्त संयुग कार्बनवर तापवले आणि नायट्रो संयुगांपासून अ‍ॅनिलिने बनवली. इथे कार्बन आणि धातू उघडपणे भागीदार होते. २०१७ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या संशोधकांनी इंधन घटाच्या उत्प्रेरकात चार नायट्रोजनांनी वेढलेले एकेकटे लोहाचे अणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. आम्लातल्या क्रियेपुरता वाद त्यामुळे बराचसा लोहाच्या बाजूने झुकला. टिकाऊपणाचे दुखणे मात्र राहिले: लोह विरघळते, हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिळून मूलके (अतिक्रियाशील रेणू-तुकडे) तयार करते आणि ती कार्बनच खाऊ लागतात.

धातूविना कार्बनची खरी परीक्षा अ‍ॅसिटिलीनपासून व्हायनिल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकचा कच्चा माल, बनवताना होते आहे. तिथे वर्षानुवर्षे पाऱ्याचा क्लोराइड वापरला गेला आणि पाऱ्याचा वापर आवरणाऱ्या २०१३ च्या मिनामाता करारानंतर पर्याय शोधणे भाग पडले. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी सिलिकॉन कार्बाइडच्या कणांवर नायट्रोजनयुक्त कार्बनचा थर तयार केला. २०० अंश सेल्सिअसला ८० टक्के अ‍ॅसिटिलीनचे रूपांतर झाले. अशा कार्बनची छिद्रे काजळीने बुजतात आणि तो मंदावतो. सोन्याचे उत्प्रेरक दरम्यान कारखान्यांपर्यंत पोहोचले आहेत.