लॉस एंजेलिस 'स्पॅनिश लोकांनी' वसवलं? यादी बघा की

एलए म्हणजे स्पेनहून आलेल्या गोऱ्या घराण्यांनी वसवलेलं शहर, ही गोष्ट इतकी वर्षं फिरतीये की लोकांना ती खरीच वाटते, पण १७८१ सालची वस्तीची मोजणी उपलब्ध आहे आणि ती वाचली की सगळा प्रकारच वेगळा निघतो. ११ कुटुंबं, ४४ माणसं, त्यातली निम्मी लेकरं, आणि आली कुठून तर मेक्सिकोतल्या सिनालोआ-सोनोरा भागातून. राज्य स्पेनचं होतं हे खरंय, माणसं मात्र बहुतेक स्पॅनिश नव्हती.

त्या काळात नावापुढे जात लिहायचे (हो, तिकडेही!). ११ कुटुंबप्रमुखांत 'स्पॅनिश' फक्त दोन, लारा आणि विलाविसेन्सिओ, आणि त्यांच्याही बायका अमेरिकेतल्या मूळनिवासी. बाकीचे मूळनिवासी, काळे नाहीतर मिश्र वंशाचे. निम्म्याहून जास्त लोकांत आफ्रिकी रक्त होतं. लुईस किंतेरो बघा, ५५ वर्षांचा काळा शिंपी, बायको मिश्र वंशाची, पदरी पाच पोरं. त्याची नात मारिया रिता वाल्देस पुढे मोठ्या रांचची मालकीण झाली, आणि ती जमीन म्हणजे आजचं बेव्हर्ली हिल्स! पहिला अल्काल्दे, म्हणजे आपल्या भाषेत नगराध्यक्ष धरा, होसे वानेगास, तोही यादीत 'इंडियन', म्हणजे मूळनिवासी.

आणि जागा काही मोकळी पडलेली नव्हती बरं का, तिथे शेजारीच टोंग्वा या मूळनिवासी लोकांचं यांगना गाव आधीपासून नांदत होतं.