पोट भरल्याचा निरोप

१९४८च्या कारखाने अधिनियमाने कामगाराकडून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेण्यास मनाई केली आणि मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. आज कार्यालयांतही जेवणाची सुट्टी बहुधा तेवढीच असते. त्यातली दहा मिनिटे हात धुण्यात आणि डबा गरम करण्याच्या रांगेत जातात, आणि मग पोळी-भाजी, वरण-भात असा घरचा उत्तम डबा सात-आठ मिनिटांत संपतो. तरीही चार वाजता वडापावची आठवण होते, कारण पोट भरल्याचा निरोप मेंदूला मिळण्याआधीच डबा बंद झालेला असतो.

जठर ताणले गेल्याची खबर जठराला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत लगेच वर जाऊ लागते, परंतु तृप्तीसाठी तेवढे पुरत नाही. अन्न लहान आतड्यात उतरू लागले की तिथल्या पेशी त्यातील स्निग्धांश व प्रथिने ओळखून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सोडतात, आणि आतड्याच्या खालच्या भागातून प्रामुख्याने जीएलपी-१ व पीवायवाय ही संप्रेरके येतात. या सगळ्यांचा एकत्रित परिणाम जाणवायला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे फार बोलका आहे. वीस प्रौढांना चार आठवडे संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त (कारखान्यात तयार होणारे) आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. वाढलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मीठ व तंतू दोन्ही वेळी जुळवलेले होते. तरीही प्रक्रियायुक्त आहारावर माणसे रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती, आणि ती अधिक वेगाने जेवत होती. मऊ अन्न चावावे लागत नाही, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते.

ज्वारीच्या भाकरीकडे या दृष्टीने पाहावे. ज्वारीत ग्लूटेन नसल्याने पीठ ताणले जात नाही, भाकरी थापावी लागते आणि तिचा कोरडा तुकडा मटकीच्या उसळीबरोबर बराच वेळ चावल्याशिवाय गिळता येत नाही. (तीच भाकरी दुधात कुस्करली तर मात्र हा लाभ उरत नाही.) सोबत काकडीच्या जाड फोडी असल्या तर वेग आणखी उतरतो.

घड्याळाला बांधलेल्या माणसाला नुसते ‘सावकाश जेवा’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. वेळ त्याच्या हातात नसतो, डब्यातला पदार्थ काही अंशी असतो. उरलेली जबाबदारी आस्थापनेची आहे: डबे गरम करायला आणखी एक-दोन मायक्रोवेव्ह ठेवले, तर त्या दहा मिनिटांतली रांगेतली मिनिटे जेवणाला मिळतात आणि निरोप पोहोचेपर्यंत माणूस ताटावर बसलेला राहतो.