न्यूक्लिअर मेडिसिनमधली नोकरी आणि मूलबाळ

‘मुलगी न्यूक्लिअर मेडिसिनला आहे? मग मूलबाळ कठीणच,’ पुण्यात स्थळं बघताना हे अजून ऐकू येतं. साफ चुकीचं आहे. या शाखेत किरणोत्सारी औषधं देऊन तपासण्या आणि उपचार होतात, म्हणून ही भीती. अणुऊर्जा नियामक मंडळाची कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचं एकक). कायमचं वंध्यत्व यायला जननग्रंथींना हजारो मिलिसिव्हर्ट लागतात. टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याची सिरिंज शिशाच्या किंवा टंगस्टनच्या जाड आवरणात घालूनच हातात घेतात. छातीवरचा टीएलडी बॅज, म्हणजे किरणोत्साराची मात्रा टिपणारा बिल्ला, ठरावीक मुदतीने मोजणीला जातो, त्यामुळे प्रत्येकाची मात्रा नोंदीत राहते. या अफवेपायी हुशार मुली हे क्षेत्र नाकारतात, याचं मला फार वाईट वाटतं. दिवस राहिले की मात्र विभागात लगेच सांगायचं. तिथून पुढे बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टची, आणि कामं त्या हिशेबाने वाटून दिली जातात.