शेठची मेल उतरेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं?

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. पिंपळगाव बसवंतकडच्या एका पॅकहाऊसच्या ऑफिसात मी काही कामानं बसलो होतो. बारा जणांचे बारा मेल-पत्ते, आणि सगळ्यांची टपालं आणणारा कोपऱ्यातला एकच कॉम्प्युटर. तोही पाळीपाळीनं आणणार.

"मॅडम, कंटेनरच्या कागदांची मेल आली का?"

"थांबा भाऊ, शेठची उतरतेय अजून."

शेठना कुणीतरी घडांचे चाळीस फोटो पाठवले होते. न्हावा शेव्याला निघायचा कंटेनर दारात उभा, आणि दोन ओळींची मेल त्या फोटोंमागे अडकलेली.

ही रांग मेलच्या नियमांनी लावलेली नाही. मेल उतरवण्याची जुनी पद्धत म्हणजे 'पॉप ३'. तिच्यात एक पेटी, म्हणजे एका पत्त्याची टपालपेटी, एका वेळी एकानंच उघडायची असते. तेवढ्यापुरतं सर्व्हर, म्हणजे मेल साठवून ठेवणारा पलीकडचा कॉम्प्युटर, तिला कुलूप लावतो. पण ते कुलूप त्या एकाच पेटीला. बारा पेट्या एकदम उघडायला कुणाची मनाई नाही. रांग लावली ती मेल आणणाऱ्या प्रोग्रॅमनं, निव्वळ सोयीपोटी.

आता नळाचं उदाहरण घ्या. गंगापूर धरणाचं पाणी घरी किती वेगानं भरेल हे पाइपाच्या रुंदीवर ठरतं. पहिला थेंब कधी येईल हे लांबीवर. इंटरनेट घेताना आपण फक्त रुंदी विचारतो. लांबीचं काय? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर अमेरिकेत, १३ हजार किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्या-येण्याला ०.१३ सेकंद. वाटेतली वळणं नि थांबे धरून पाव सेकंद म्हणू. साधा प्रोग्रॅम प्रत्येक मेलसाठी दोनदा बोलतो, 'दे' आणि 'काढून टाक', आणि दर वेळी उत्तराची वाट बघतो. शंभर मेलना दोनशे फेऱ्या, म्हणजे ५० सेकंद. बारा जणांचे दहा मिनिटं! या वेळात लाइन जवळजवळ रिकामीच असते. बाराही पेट्या एकदम उघडल्या की सगळ्यांचं वाट बघणं त्याच ५० सेकंदांत उरकतं.

फोटोंचं मात्र तसं नाही. मेलमधून जाताना फाइल साध्या अक्षरांत बदलली जाते आणि एक तृतीयांशानं फुगते. १५ एमबीची फाइल २० एमबी होते, आणि १० एमबीपीएसच्या लाइनवर तिला १६ सेकंद लागतात. बारा जोडण्या केल्या म्हणून पाइप रुंद होत नाही. पण दोन ओळींच्या मेलला त्या पाइपातला बारावा हिस्सा मिळाला तरी पुरे. ती निसटून पुढे जाते.

आणखी एक युक्ती आहे, माझ्या मते सगळ्यात कामाची: कुणी मागायच्या आत मेल आणून ठेवायची. ऑफिसातलाच एक सर्व्हर बाहेरून मेल आणत राहतो आणि माणसं ऑफिसातल्याच वायरवरून वाचतात. इथे आयमॅप, म्हणजे सर्व्हरवरची मेल वाचायची दुसरी पद्धत, उपयोगी पडते. ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला बांधली. तिच्यात आधी फक्त मथळे आणता येतात, जोडलेली फाइल मागाहून. पुढे तिला अशी सोय मिळाली की नवी मेल आली की सर्व्हरच हाक मारतो, आपण सारखं विचारायला नको. फक्त दर २९ मिनिटांच्या आत 'मी आहे' असं पुन्हा कळवायचं, नाहीतर तो झोपलात समजून जोडणी तोडू शकतो.

मध्येच लाईट गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न आधी. पॉप ३ मध्ये खरं पुसणं प्रोग्रॅमनं सर्व्हरचा निरोप घेतल्यावरच होतं. अर्ध्यात जोडणी तुटली तर मेल हरवत नाही, उलट दुसऱ्यांदा येते. म्हणून प्रत्येक मेलच्या खुणेची नोंद ठेवायची नि आलेली परत आणायची नाही.

त्या ऑफिसात पुढच्या हंगामाआधी एवढं केलं गेलं. मॅडमना आता कुणी विचारत नाही. शेठचे फोटो उतरायला मात्र अजून तेवढाच वेळ लागतो.