खानदेशी उन्हाळा, अंड्याचं कवच आणि कोंबडखत

कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा त्याच्याही वर चढतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे मुख्य उपाय एकच: चोच उघडून धापा टाकणं.

उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची येतात, ती या धापांमुळे. श्वासाबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो. कवच असतं कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि त्यातला कार्बोनेट याच वायूपासून तयार होतो. शिवाय उकाड्यात दाणा कमी खाल्ला जातो. एका अंड्याला लागणारं सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम आणायचं कुठून?

कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं. म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा संध्याकाळी द्यावा. तो पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, रेंगाळतो आणि रात्रभर हळूहळू विरघळतो; बारीक पूड लवकर पुढे सरकते. दाणा पहाटे आणि उन्हं कलल्यावर द्यावा. पाणी माठातलंच हवं, कारण छपरावरच्या काळ्या टाकीतल्या तापलेल्या पाण्याला कोंबड्या तोंड लावत नाहीत.

सेंद्रिय पालनात पिंजरे चालत नाहीत, पक्ष्यांना मोकळं फिरू द्यावं लागतं. उघड्या काळ्या रानात दुपारी ते कसं जमणार? माझं स्पष्ट मत आहे, आधी निंब-शेवग्याची सावली उभी करावी, मग कोंबड्या आणाव्यात. खाद्याचीही अडचण आहेच. सरकी पेंड इथे हाताशी असते. पण आपल्याकडचा बहुतेक कापूस बीटी, आणि जनुक बदललेल्या पिकाचं खाद्य सेंद्रिय नियमांत बसत नाही. वर तिच्यातल्या गॉसिपॉल या नैसर्गिक विषारी द्रव्यानं बलक हिरवट-तपकिरी पडतो.

विष्ठेचंही उन्हाशी वैर आहे. तिच्यातला बराच नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात असतो. ऊब आणि ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. खुराड्यात नाकाला झोंबतो तो हाच, म्हणजे पिकाचं खत हवेत उडत असतं. ताजी विष्ठा मुळांशी टाकली तर रोपं करपतात, ती वेगळीच. पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) भुगा मिसळून ढीग सावलीत, ओलसर ठेवला की जिवाणूंना कार्बन मिळतो आणि नायट्रोजन त्यांच्या शरीरात अडकून राहतो. ढीग आतून ५५ अंशांवर काही दिवस तापायला हवा, म्हणजे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. बाहेरचा थर आत जावा म्हणून तो उलथवत राहावा. मृगापर्यंत तो निवला नसेल, वास झोंबतच असेल, तर ते खत त्या पेरणीला वापरू नये.